पाहुणं आलेलं ताट

१ मार्च

ही वही माझ्या लेकीनं, अकझेरनं दिली. ती अक्ताऊच्या दवाखान्यात नर्स आहे आणि घरी आली की आम्हा सगळ्यांना पेशंटच समजते. काल जाताना तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि म्हणाली, "बाबा, राग आला की बोलायचं नाही. इथं लिहायचं." मी म्हटलं, एवढ्याशा वहीत मावणार नाही. तर पिशवीतून दुसरी काढली. पोरगी बापावर गेली आहे.

तर ठरलं. अमाल तेरा दिवसांवर आलंय. त्या दिवशी जुनं वर्ष संपतं, लहानथोर सगळ्यांचं वय एका वर्षानं वाढतं आणि गावभर कोरिसू चालतं. एकमेकांचे दोन्ही हात हातात घ्यायचे, छातीला छाती लावायची, आणि वर्षभराचं जे काही भांडण असेल ते तिथंच संपलं. मग बावीसला नौरुझ. तोवर मी, सांदिबेक, वय पंचावन्न, चौदा उंटिणींचा मालक, ज्याच्या हातच्या शुबातसाठी, म्हणजे उंटिणीच्या आंबवलेल्या दुधासाठी, लोक अक्ताऊहून गाड्या घेऊन येतात तो मी, नवा माणूस होणार. नियम एकच, चिडायचं नाही. अजून दोन लिहिले होते, पोटाबद्दल आणि चहाच्या वाट्यांबद्दल, पण ते वाचूनच चिडायला झालं म्हणून खोडले.

ओतेगेन गाव सोडून चाललाय म्हणे. उंट विकले. मुलानं अल्माटीला घर घेतलंय, नवव्या मजल्यावर, तिकडे. नौरुझ झालं की निघणार. मला काय त्याचं.

२ मार्च

सकाळी नऊपर्यंत चिडलो नाही. उठलो साडेआठला, पण तरी.

मग घोडं अडलं सारीपाशी. सारी ही माझी सगळ्यात जुनी उंटीण. तिला बारा वर्षं मी शिव्या देत देत पिळत आलोय. आज शांतपणे, हसत, पाठीवर थोपटत पिळायला बसलो तर बाईनं पान्हाच चोरला. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी त्याच शिव्या अंगाईच्या चालीवर म्हटल्या. तुझ्या सात पिढ्या वाळवंटात वाळोत गं बाई, तुझं वशिंड गळून पडो गं सोने. सोडला पान्हा. म्हणजे बोललो तर शिव्याच, पण चिडून नव्हे. नियम मोडला नाही असं मी ठरवलंय.

झिलिका, माझी बायको, गोठ्याच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. आत जाऊन खूप वेळ फोनवर बोलत होती.

४ मार्च

आज दोनदा राग गिळला. गिळायला कठीण नाही, पचायला जड जातो.

पहिला, पाण्याचा टँकर दोन तास उशिरा आला. ड्रायव्हर खाली उतरून मान खाली घालून उभा राहिला, शिव्यांची वाट बघत. मी म्हटलं, "रस्ता खराब असेल बाबा, चहा घेणार?" तो इतका घाबरला की नळी न लावताच परत गाडीत बसला.

दुसरा, दुकानात कोणीतरी ओतेगेनचं नाव काढलं. इतक्या लांब चाललाय बिचारा, असं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. हसताना दात दुखले.

आता वहीत लिहायचंच तर ते प्रकरण एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. ओतेगेन माझा मित्र होता. एका बाकावर बसलो, एका ट्रकमधून सैन्यात गेलो. त्याचा बाप तो नऊ वर्षांचा असताना गेला, तेव्हापासून तो आमच्याच घरी जेवायचा. बाबा आम्हाला "माझी दोन वशिंडं" म्हणायचे. मग सहा वर्षांपूर्वी त्यानं मुलाच्या लग्नाची मेजवानी दिली. अख्खा गाव बसलेला. मेंढीचं डोकं, पंगतीतला सगळ्यात मोठा मान, कुणापुढे ठेवायचं, हे काय त्याला सांगायला हवं होतं? मी तिथं मानाच्या जागी बसलेलो. तेव्हा आमचे बाबा होते, ते खरं, पण तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, आणि गावात सगळीकडे डोकं माझ्याच पुढे येत होतं. बापाची जागा मुलगा चालवतो, असं सगळे म्हणायचे. ओतेगेन मोठं ताट घेऊन आला, माझ्यासमोर आला, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे जाऊन ते ओंगार मास्तरासमोर ठेवलं. मास्तर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. माझ्या वाट्याला आला जबडा.

मी काही राग धरला नाही. फक्त सहा वर्षं बोललो नाही.

५ मार्च

चिडलो नाही. वारा.

७ मार्च

गावाला काय झालंय कळत नाही. काल संध्याकाळपासून एकेक जण येतोय. कुणी बाउरसाक तळून आणतंय, कुणी सुकं मटण. ओंगार मास्तर स्वतः आले आणि माझ्या शेजारी बसून म्हणाले की माणसानं आयुष्यात काय मिळवलं हे महत्त्वाचं. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, मी चांगला झालोय म्हणून लोकांना आनंद झाला आहे. चांगल्या माणसाकडे चार लोक येतातच. आधी हे कळलं असतं तर तीस वर्षांपूर्वीच चांगला झालो असतो, बाउरसाकवर किती पीठ वाचलं असतं.

टँकरवाला ड्रायव्हर मशिदीत माझ्यासाठी दुआ मागून आला म्हणे. भला पोरगा.

८ मार्च

बायकांचा दिवस. दर वर्षी मी हा दिवस विसरतो आणि मग विसरल्याची आठवण करून दिली म्हणून चिडतो. या वर्षी अक्ताऊला शुबात पोचवायला गेलो तेव्हा पिवळी ट्यूलिप घेतली, पाच. झिलिकाच्या हातात दिली. तिनं फुलं टेबलावर ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला. मग पाठ वळवून चहा ओतत राहिली, आणि वाटी भरून वाहायला लागली तरी ओततच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "अकझेरनं तुम्हाला काही सांगितलंय का? जे मला नाही सांगितलं असं?"

मी म्हटलं, तिनं फक्त चिडू नका म्हणून सांगितलंय.

"एवढंच ना?"

एवढंच. मग तिनं अकझेरला फोन लावून खात्री करून घेतली, आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून इतकी हसली की एप्रनच्या टोकानं डोळे पुसायला लागली. हसता हसता एकदम थांबली. खिडकीतून समुद्राकडे, म्हणजे ओतेगेनच्या घराकडे, बघत बसली. म्हणाली, "गावाला मात्र सांगायची काही घाई नाही." काय सांगायची घाई नाही ते काही कळलं नाही. बायकांचा दिवस होता, म्हणून विचारलं नाही.

९ मार्च

सारीनं लाथ मारली. मला नाही, चष्म्याला. मी वाकलेलो होतो, चष्मा घसरला आणि तिनं त्यावर पाय ठेवला, सावकाश, नीट बघून. मी वही काढली आणि तिच्यासमोरच लिहायला बसलो. हे लिहितोय ते अक्षर वाकडं आलंय कारण मला काही दिसत नाही. झिलिका म्हणाली, मी देते दुरुस्तीला, तुम्ही काळजी करू नका.

पण चिडलो नाही. नऊ दिवस झाले. मला आतून हलकं वाटतंय, उगाच शीळ घालावीशी वाटते. आज घातली. नर उंट उठून उभा राहिला.

११ मार्च

घर साफ करणं चाललंय. नवं वर्ष मळक्या घरात शिरत नाही, म्हणून झिलिका दर वर्षी सगळं सामान अंगणात काढते आणि मला त्यातून वाट काढायला लावते. मी गालिचा झटकत होतो, न चिडता. फळीवरून तिनं एक लाकडी ताट काढलं, मोठं, जुनं, कडेला मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. लोणी लावून पुसत बसली. आपल्या घरातलं नाही हे, असं मला वाटलं. जवळ नेऊन डोळ्यांना लावून बघितलं, तरी आपलं नाही.

"हे कुणाचं?"

"पाहुणं आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं मुक्कामाला आहे."

"कुणाकडून आलंय?"

"असं नाही. नीट विचारा. कोणी आणलं, कधी, त्यात काय होतं, कुणासाठी होतं. तुमच्या बाबांनी मला बजावलंय, हा गाढव विचारेल तेव्हाच सांग, विचारल्याशिवाय सांगू नको."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी गाढव मीच. तळपायाची आग मस्तकात जायला लागली होती, एवढ्यात उंटांना पाणी दाखवायची आठवण झाली म्हणून निघालो. ताटाचं राहून गेलं. तसंही, ताटात काय असणार? जेवणच असणार.

बाबा गेले तेव्हा ओतेगेन आला होता. कबर खणायला सगळ्यांच्या आधी. माझ्यापेक्षा जास्त रडला. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण बघितलं नाही असं. हे का लिहिलं कोण जाणे. उंटांचं लिहीत होतो.

१३ मार्च

उद्या अमाल.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. गेली सहा वर्षं मी अमालला सूर्य उगवायच्या आत उंट घेऊन माळावर जातो आणि सगळे घरोघरी जाऊन जेवून झोपले की परत येतो. कारण असं, की कोरिसूला लहानानं मोठ्याकडे जायचं असतं, आणि ओतेगेन माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी लहान आहे. म्हणजे यायला त्यानंच हवं. तो दर वर्षी फाटकापर्यंत येतो म्हणे. मी नसतो, हा भाग वेगळा.

या वर्षी मी गावातच थांबणार. नव्या माणसानं पळून जायचं नसतं. कुणासाठी थांबतोय असं नाही. फक्त तो समोर आला, तर ती मिशी बघून मला राग येणार हे मला माहीत आहे. ओतेगेनची मिशी सैन्यातून सुटल्यापासूनची आहे, मैलभरावरून ओळखू येते. मिशी दिसली की मी मागच्या दारानं निघेन, शांतपणे. तेवढं नव्या माणसाला चालतं.

चष्मा अजून आला नाही. झिलिका म्हणते दुकानदार आजारी आहे.

१४ मार्च

आज चिडलोय की नाही, ते माझं मलाच माहीत नाही.

सकाळी नवी टोपी घालून बाहेर पडलो. सगळा गाव रस्त्यावर. ऊन, वारा, धूळ, दर घरातून तळणाचा वास. म्हाताऱ्यांकडे मी गेलो, पोरं माझ्याकडे आली. "एक वर्ष वाढलं, लखलाभ होवो!" हात धर, छाती लाव, सोड, पुढचा. चष्मा नाही, सगळे चेहरे पिठाच्या गोळ्यासारखे. तीसचाळीस जणांशी तरी कोरिसू झालं असेल. मला इतकी मजा यायला लागली की दुकानासमोरच्या पुतळ्याचाही हात धरणार होतो.

मग एक जण आला. निळं जाकीट, पोरं घालतात तसली टोपी, गुळगुळीत चेहरा. अक्ताऊचा कुणीतरी गिऱ्हाईक असेल असं वाटलं. मीच पुढे झालो, मोठ्या प्रेमानं. दोन्ही हात धरले, छातीला छाती लावली, "लखलाभ होवो!" म्हटलं. तो हात सोडेना. अंगठा माझ्या मनगटावर ठेवून, नाडी बघतात तसा, उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "साके, तब्येत कशी आहे?"

मला साके म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

मी जवळ जाऊन, नाकाला नाक लागेपर्यंत, बघितलं. ओतेगेन. मिशीशिवाय. वरचा ओठ उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा. आजूबाजूला अख्खा गाव जमलेला. झिलिका आणि त्याची बायको कुन्सुलू एकमेकींचा हात धरून उभ्या. माझ्या तोंडून निघालं ते हे, "तब्येत बरी आहे." सहा वर्षांनंतर पहिलं वाक्य. तो म्हणाला, "अल्लाची कृपा," आणि तरी हात सोडला नाही.

मी घरी येऊन दार लावून बसलोय. झिलिका दुसऱ्या खोलीत गाणं म्हणतेय.

१५ मार्च

फसवणुकीचं कोरिसू ग्राह्य धरायचं की नाही, हे ठरवायला हवं होतं. म्हणजे फसवणूक त्यानं केली असं मी म्हणत नाही. योगायोग. नवं वर्ष म्हणून मिशी काढली असेल. पण मला माहीत असतं तर मी हात धरला नसता, मग ते धरलेलं धरायचं कसं?

गावात सगळ्यात मोठ्या उल्मेकेन आजी, एक्क्याण्णव पूर्ण, काल ब्याण्णव. त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं, चष्म्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घोटघोट पीत.

"हात कुणाचे होते?" त्यांनी विचारलं.

"माझेच."

"मग झालं तर. डोळ्यांनी कोरिसू करतात का?"

मी म्हटलं, पण आजी, मनात नव्हतं. तर म्हणाल्या, "मनात नव्हतं म्हणून तर हातानं करायचं. मनाची वाट बघत बसलं तर माणसं मरतात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या की लोक सांगतात तेवढा काही तू आजारी दिसत नाहीस. कोण आजारी? मी विचारणार होतो, पण त्यांना डुलकी लागली.

म्हणजे भांडण संपलं. कायद्यानं. मला काय वाटतं याला किंमत नाही. घरी येताना रस्त्यात उड्या मारत आलो असं लोक म्हणतील, पण तो वारा होता, मागून.

१६ मार्च

ओतेगेनकडून निरोप. बावीसला नौरुझ त्याच्या अंगणात, दुपारी. शेवटची मेंढी कापणार. आम्ही दोघांनी यायचंच.

मी हो म्हटलं. मग आत येऊन बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मेंढी. मेंढीला डोकं असतं. डोकं कुणापुढे तरी ठेवावं लागतं. त्यानं पुन्हा ते मास्तरासमोर ठेवलं तर? अख्ख्या गावासमोर, दुसऱ्यांदा? मग चोवीसला तो जाणार, आणि मी इथं जबडा घेऊन आयुष्यभर बसणार.

आता कळलं, सोळा दिवसांची सगळी तालीम कशासाठी होती ते.

१९ मार्च

आरशासमोर सराव केला. ताट येतंय, ताट माझ्यासमोरून जातंय, मी हसतोय. झिलिका म्हणाली, असे हसलात तर पोरं रडतील. मग दुसरा प्रकार, ताट जात असताना मी शेजाऱ्याशी पावसाबद्दल बोलतोय. आमच्याकडे पाऊस पडत नाही, पण विषय चांगला आहे.

तिसरा प्रकार, मीच म्हणायचं, अरे ओतेगेन, मास्तरांना दे, त्यांचाच मान. असं केलं तर अपमान होण्याआधीच आपण मोठे होतो. हा सगळ्यात चांगला. दहा वेळा म्हणून बघितलं. अकराव्या वेळी डोळे पुसावे लागले. धूळ फार झाली आहे हल्ली.

चष्मा सापडला. झिलिकाच्या एप्रनच्या खिशात. म्हणते, बाराला आला होता, द्यायचाच विसरले. बाईचं वय झालं. मी चिडलो नाही, उलट तिची कीव आली.

२२ मार्च

नीट लिहितो. घाईनं लिहिणार नाही.

अंगणात लांब सतरंजी, त्यावर सगळा गाव. मोठ्या कढईत नौरुझ कोझे, हिवाळ्यातलं उरलेलं मटण, गहू, दूध आणि काय काय, सात जिन्नस. मी तीन वाट्या प्यालो. मला मानाच्या जागी बसवलं. पलीकडे ओंगार मास्तर. माझ्या खिशात वही. झिलिका येताना एक मोठं बोचकं घेऊन आली होती, ते कुन्सुलूकडे आत दिलं.

मग ओतेगेन आला, ताट घेऊन. बिनमिशीचा, टोपी नीट घातलेला. मी तोंड उघडलं. "अरे ओतेगेन, मास्तरांना..." एवढं म्हटलं, आणि त्यानं माझ्यासमोर गुडघे टेकले. ताट ठेवलं. मेंढीचं तोंड माझ्याकडे. ताटाच्या कडेला मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, लोण्यानं चकाकत होती.

मी ताटाकडे बघितलं. मग झिलिकाकडे. तिनं हाताची घडी घातली होती.

"साके," ओतेगेन म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तेव्हा ठेवलं नाही, कारण तेव्हा बाबा होते. बाप असताना मुलापुढे डोकं ठेवायचं म्हणजे बापाला म्हणायचं, ऊठ, तुझी जागा रिकामी कर. सगळे ठेवत होते. मला जमलं नाही. माझा एक बाप नवव्या वर्षी गेला. दुसऱ्याला मी माझ्या हातानं उठवणार नव्हतो."

मी ताटावर हात ठेवला आणि आता आठवून आठवून विचारलं, नीट, झिलिकाला हवं तसं. हे ताट कोणी आणलं होतं, कधी, त्यात काय होतं, कुणासाठी.

झिलिकानं सांगितलं. त्याच दिवशी, मेजवानीच्या दिवशी, मी तिथं जबडा चघळत बसलो होतो तेव्हा कुन्सुलू आमच्या घरी गेली होती, मागच्या दारानं. त्या दिवशी दोन मेंढ्या कापल्या होत्या. दुसरं डोकं या ताटात, पांढऱ्या कापडाखाली, बाबांसाठी. बाबा उशीला टेकून बसले, उजव्या गालाचा तुकडा कापला, चाखला, आणि म्हणाले, बघ, माझं एक वशिंड अजून शाबूत आहे.

"सहा वर्षं!" मी ओरडलो. नियम मोडला, बावीस मार्चला, दुपारी दोन वाजता, सगळ्यांसमोर. "सहा वर्षं तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"विचारलंत कधी?" झिलिका म्हणाली.

मी खिशातून वही काढली. पेन काढलं. हात वर धरला, सगळे बघत होते, आणि काही लिहायलाच सुचेना. कुणाचं नाव लिहू? मग माझं मलाच हसू यायला लागलं. असं हसू की थांबेना, पोट धरून, त्यात रडूही मिसळलेलं. ओतेगेनही हसायला लागला, त्या अंड्यासारख्या ओठानं, तो तर सैन्यातही असाच हसायचा, उगाच, मी हसतोय म्हणून. शेवटी मी गालाचा तुकडा कापून खाल्ला, कान कापून त्याच्या सगळ्यात धाकट्या नातवाला दिला, आणि रिवाजाप्रमाणे डोकं ओतेगेनकडे परत केलं. मास्तर टाळ्या वाजवत होते. त्यांच्या वाट्याला जबडा आला होता, आणि ते तो मिटक्या मारत खात होते. तसा जबडा वाईट नसतो.

जेवण झाल्यावर मी ओतेगेनला विचारलं, मिशी का काढलीस? म्हणाला, नवं वर्ष, नवा माणूस. लहानपणापासून माझी नक्कल करतो. मग पुन्हा म्हणाला, डॉक्टर नक्की काय म्हणाले ते खरं सांग. मी म्हटलं, कसले डॉक्टर, मला काही झालेलं नाही, मी फक्त चांगला झालोय. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग झिलिकाकडे. झिलिका ताटं गोळा करत होती. तो मांडीवर थाप मारून असा काही हसला की शेजारच्या घरचे उंट दावणीला ओढायला लागले. माणसाचं वय झालं की काहीही हसू येतं.

२४ मार्च

स्टेशनवर सोडायला गेलो. माझ्याच गाडीतून, तो पुढे, बायका मागे, शंभर किलोमीटर एकही शब्द नाही. राग नव्हता. असंच बसायचो आम्ही पूर्वी.

अल्माटीची गाडी सुटायला पाच मिनिटं होती. झिलिकानं ताट बाहेर काढलं, परवा गुपचूप परत घरी आणलेलं. त्यात काठोकाठ कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, बाउरसाक, सुकं मटण, वर पांढरं कापड बांधलेलं. पाहुणं आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, सहा वर्षांनीसुद्धा. तिनं ते ओतेगेनच्या हातात दिलं. तो घेऊन डब्याच्या दारात उभा राहिला, दोन्ही हात ताटात अडकलेले, म्हणून या वेळी मीच त्याचे खांदे धरले.

त्याच्या ओठावर मिशीची पांढरी खुंटं आलीत. टोचतात.

गाडी हलली आणि मग माझ्या डोक्यात शिरलं. ताट आता त्याच्याकडे आहे. भरलेलं. म्हणजे ते परत यायलाच हवं, आणि रिकामं येऊ शकत नाही, आणि त्याला ते स्वतःच्या हातानं आणावं लागणार, गाडीतून, दोन दिवस, तीन दिवस, किती लागतात ते लागोत. मी डब्याबरोबर पळायला लागलो. छप्पन्नाव्या वर्षी, नव्या टोपीसकट. ओरडून सांगितलं, पार्सलानं पाठवलंस तर याद राख. मी चिडेन. आणि तेव्हा वहीत नाही लिहिणार.

त्यानं हात हलवला नाही, ताट होतं ना. मान हलवली.

परत येताना झिलिका म्हणाली, फळीवर आता जागा झाली आहे, काहीतरी ठेवूया. मी म्हटलं, राहू दे रिकामी.